वासाची किंमत

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. आमची भाची पुण्याहून बेळगावी आमच्याकडे आली होती आणि आम्ही दोघे बसने निपाणीस निघालो होतो. संकेश्वरच्या थांब्यावर एक वयस्क बाई चढल्या व भाचीच्या शेजारी बसल्या. उसाच्या गाड्यांच्या रांगेतून वाट काढीत बस सुटली. साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड दर्प खिडकीतून आत आला आणि मागे पडला. तरीही गोड वास उरलाच. बाईंनी दोन-तीनदा श्वास ओढून पाहिला आणि भाचीला विचारले, "पोरी, पिशवीत कुंदा हाय व्हय?"

"नाही आजी, सेंट लावलंय."

बाईंनी तिच्या मनगटाकडे पाहिले. "खायाचं न्हाई म्हन की," असे म्हणून त्या गप्प बसल्या. तवंदीच्या घाटात पहिले वळण आले तेव्हा जणू स्वतःशीच बोलल्यासारखे त्या म्हणाल्या, "मग वास कशाला?"

भाची हसली, आम्हीही हसलो. परंतु बाईंचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, हे निपाणीच्या स्थानकावर उतरताना जाणवले आणि पुढे कित्येक दिवस जाणवत राहिले. खाद्याचा वास आहे, पण खाद्य नाही. तर मग हा वास कशासाठी आणि कोणासाठी? तो घेणाऱ्याने काही भोगले असे म्हणावयाचे की नाही? आणि भोगले असेल, तर त्याची किंमत कोणी कोणास द्यावयाची?

प्रथम त्या अत्तराविषयी थोडेसे सांगावयास हवे. भाचीने लावलेल्या अत्तराचे नाव 'एंजल'. फ्रेंच वेशभूषाकार थिएरी म्युग्लर यांच्या नावाने ते १९९२ साली बाजारात आले. ते सिद्ध करण्यात ऑलिव्हिए क्रेस्प या गंधकाराचा मोठा वाटा होता. म्युग्लर हे स्ट्रासबर्गचे; लहानपणी पाहिलेल्या जत्रेतला मिठाईचा वास त्यांना अत्तरात हवा होता. आपल्या यात्रांत काठीला गुंडाळून जे 'बुढ्ढी के बाल' विकतात, त्याच्या जळू घातलेल्या साखरेचा तो वास. तो साधला एथिल माल्टॉल या द्रव्याने. हे द्रव्य निसर्गात मिळत नाही, ते प्रयोगशाळेत करावे लागते. परंतु त्याचे भावंड माल्टॉल हे भाजलेल्या धान्यात आणि तापवून तांबूस झालेल्या दुधात आढळते. बेळगावचा कुंदा म्हणजे तरी काय? दूध आटवीत, हलवीत, साखरेसह तांबूस होईपर्यंत आणि दाणा पडेपर्यंत नेलेले. संकेश्वरच्या बाईंचे नाक अजिबात चुकले नव्हते.

व्हॅनिलाचा गोडवा अत्तरात पूर्वीपासून होता. १९२५ च्या सुप्रसिद्ध 'शालिमार'मध्येही तो आहे. परंतु तेथे तो साथीला. 'एंजल'ने खाऊलाच गाभाऱ्यात आणून बसविले, आणि शेजारी ठेवली 'पाच'. होय, आपल्या बायका दवणा-मरव्याबरोबर वेणीत माळतात तीच पाच. तिचे युरोपीय नाव 'पाचुली' हे तमिळमधील 'पच्चै इलै', म्हणजे हिरवे पान, यावरून गेले असे मानतात; आमच्या कन्नड शेजाऱ्यांनाही हिरव्या रंगासाठी 'पच्चे' हा शब्द परका नाही. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींना कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत ही पाने घालून त्या युरोपात पाठवीत, आणि तिकडच्या लोकांना शालीपेक्षाही त्या वासाचेच वेड लागले. म्हणजे साखर जत्रेतली आणि माती आपली. या धर्तीच्या अत्तरांना फ्रेंचमध्ये 'गुर्माँ' म्हणतात; आपण खवय्यांची अत्तरे म्हणू. आरंभी अनेकांनी नाके मुरडली. पुढे याच धर्तीवर इतकी अत्तरे निघाली की आज पुण्या-मुंबईच्या कोणत्याही मोठ्या दुकानात तासभर उभे राहावे तर आपण मिठाईच्या दुकानात आहोत की काय असा भास व्हावा.

आपल्याकडे ही चाल नव्हती. अत्तरे होती ती फुलांची, मुळांची, लाकडांची: मोगरा, केवडा, वाळा, चंदन. हळदीकुंकवाला मनगटावर अत्तर लागे, गुलाबपाणी शिंपडले जाई, आणि मग द्रोणात खिरापत हाती येई. मनगटावरचे आणि द्रोणातले यांची सरमिसळ होत नसे. कल्याणच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाचे वीस भोग सांगितले आहेत. अन्नभोग त्यांत आहे, विलेपनभोग आहे, धूपभोग आहे, तांबूलभोगही आहे. पण प्रत्येकाचे दालन स्वतंत्र. ज्या राजाने मांसाचे आणि वड्यांचे प्रकार एवढ्या चवीने नोंदविले, त्याला अंगाला वड्यांचा वास लावावासा वाटला नाही. तांबूल तेवढा उंबरठ्यावरचा; तो खाण्याचाही आणि मुखवासाचाही.

हे दालन वेगळे का ठेवले असावे? आम्हांस वाटते, खाण्याच्या वासाला आपल्याकडे कधीच निव्वळ वास मानले गेले नाही. नैवेद्याचे पान वाढताना वास घेऊ नये, असे आमच्या घरी लहानपणापासून बजावले जाई. पुरण शिजत असताना आम्ही स्वयंपाकघराच्या दारात नाक वर करून उभे राहिलो तर आजी म्हणे, "बाहेर हो, उष्टं करशील." तोंड लावलेले नाही, हात लावलेला नाही, तरीही उष्टे. कारण वास घेणे हे अर्धे जेवण, अशी आपली जुनी समजूत आहे. देवाच्या आधी अर्धे जेवून घेणे हा अपराधच ठरणार.

याच्या अगदी उलट निवाडा लहान मुलांच्या गोष्टीत सांगितलेला असतो. हलवायाच्या दुकानासमोर उभा राहून एक गरीब माणूस कोरडी भाकर खातो. मिठाईचा वास घेतलास म्हणून हलवाई पैसे मागतो. शहाणा न्यायाधीश नाणे वाजवून दाखवितो आणि म्हणतो, वासाची किंमत नाण्याच्या आवाजाने फिटली. ही गोष्ट कित्येक देशांत सांगतात. फ्रान्समध्ये राब्लेने सोळाव्या शतकात ती आपल्या ग्रंथात घेतली आहे. ऐकताना आपण टाळ्या पिटतो, कारण हलवाई लोभी आहे आणि माणूस गरीब आहे. परंतु जरा थांबून पाहिले तर ज्या घरात ही गोष्ट सांगितली जाते, त्याच घरात मुलाला स्वयंपाकघराच्या दारातून हुसकावून लावलेले असते. वास घेणे म्हणजे काहीच न घेणे, असे न्यायाधीश म्हणतो. वास घेणे म्हणजे अर्धे घेणे, असे आजी म्हणते. दोघांचे म्हणणे एकाच वेळी खरे असू शकत नाही.

तत्त्वज्ञांकडे जावे तर तेथेही हीच फाळणी. प्लेटोच्या 'फिलेबस' या संवादात सुखांची वर्गवारी चालली आहे. बहुतेक सुखे एखाद्या उणिवेतून जन्मतात: भूक असते म्हणून जेवण सुखाचे. परंतु काही सुखे अशी, की त्यांच्यामागे कोणतीही वेदना नसते, ती नसली तरी चुकल्यासारखे होत नाही आणि आली तर आनंद देतात. या शुद्ध सुखांत तेथे वासाची सुखे घातली आहेत. इतर शुद्ध सुखांपेक्षा कमी दैवी, पण शुद्धच. रस्त्याने जाताना अवचित पारिजातकाचा वास यावा, तसे. पारिजातकाला हे लागूही पडते. परंतु कुंद्याला? कुंद्याचा वास नाकाशी आला की तोंडाला पाणी सुटते, म्हणजे उणीव तेथे हजर झालीच. नव्हती तर वासानेच ती निर्माण केली. खवय्यांच्या अत्तराची सारी मोहिनी या ठिकाणी आहे असे आम्हांस वाटते: ते अर्ध्या जेवणाचे सुख देते आणि वर प्लेटोच्या शुद्ध सुखाचे प्रमाणपत्रही मिरविते. खाल्ले तर काहीच नाही, आणि सुटले तर काहीच नाही.

आमच्यासारख्याला हे फार चटकन समजते. आम्हांला साखरेचे पथ्य लागून आता बारा वर्षे झाली. बेळगावात राहून कुंदा वर्ज्य असणे म्हणजे काय, हे बाहेरच्यास सांगून कळावयाचे नाही. दुकानापुढून जाताना पाय आपोआप मंदावतात. भाचीने ते अत्तर प्रथम आमच्या दिवाणखान्यात लावले त्या दिवशी आम्ही वर्तमानपत्रातून मान वर केली आणि दहा मिनिटे काहीही न वाचता नुसते बसून राहिलो. तिला वाटले आम्हांला त्रास होतो आहे. वस्तुतः आम्ही जेवत होतो.

आमच्या मंडळातील एका मित्राचे मत असे, की हा सारा खोटेपणा आहे. वास हा वस्तूचा निरोप असतो, आणि वस्तू पाठविल्यावाचून निरोप पाठविणे ही फसवणूक. हे आम्हांस पटत नाही. केवड्याचे अत्तर लावणारा कानात केवडा खोवून येईल अशी कोणाची अपेक्षा नसते. वास वस्तूपासून सुटा होऊ शकतो, चित्र जसे माणसापासून सुटे होते तसा. मात्र मित्राच्या आक्षेपात एक धागा खरा आहे, आणि तो तर्कशास्त्रात फार पूर्वी तपासला गेला आहे. वैशेषिकांच्या मते गंध हा पृथ्वीचा गुण. वाऱ्याला वास येतो तो वाऱ्याचा नव्हे, त्याने वाहून आणलेल्या पार्थिव कणांचा. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात जीव हा अणू की विभू असा वाद चालला असता गंधाचे उदाहरण येते. फूल जागच्या जागी राहते आणि वास मात्र दूर जातो, तेव्हा गुण आपल्या आश्रयाबाहेर जाऊ शकतो, असे पूर्वपक्ष म्हणतो. शंकराचार्यांचा सिद्धान्त असा, की गंध हा गुण असल्यामुळे तो आपल्या आश्रयासहच संचार करू शकतो. आजचे रसायनशास्त्र दुसऱ्या वाटेने तेथेच पोहोचते: नाकात शिरतो तो वस्तूचा रेणूच. म्हणजे गोष्टीतल्या न्यायाधीशाने निकाल चुकीचा दिला. हलवायाच्या परातीतून काहीतरी, अगदी तिळाच्या सहस्रांशाइतके का होईना, त्या गरिबाकडे गेलेच होते. आजीचे बरोबर होते.

परंतु म्हणून हलवाई बरोबर ठरतो का? येथे आम्हांस आमच्या गल्लीतला तिसरा न्याय आठवतो, आणि आम्हांला तो न्यायाधीशाच्याही आणि आजीच्याही वरचा वाटतो. घरात पुरणपोळी झाली, तळण झाले, आणि वास भिंतीपलीकडे गेला, तर शेजारी ताट झाकून पाठवावयाचे. शेजारी कोणी पोटुशी असली तर विचारूच नका. तिच्या नाकाशी वास गेला आणि घास गेला नाही, तर ते करणारणीला लागते अशी समजूत. या न्यायात वास घेणारा देणेकरी होत नाही. वास सोडणारा होतो. ज्याच्या चुलीवरून तो सुटला, त्याने घास देऊन तो पुरा करावयाचा. अर्धे जेवण दिलेस, आता उरलेले अर्धे दे.

संकेश्वरच्या बाई याच न्यायाने बोलत होत्या. "मग वास कशाला?" याचा अर्थ, ताट पाठवायचे नव्हते तर वास कशाला पाठविलास? कांटने वासाच्या इंद्रियाविषयी तक्रार केली आहे ती याच्याशी जुळते. त्याचे म्हणणे असे, की डोळा मिटता येतो, तोंड फिरविता येते, परंतु दुसऱ्याने सोडलेल्या वासात इतरांना इच्छा असो वा नसो सहभागी व्हावेच लागते. त्यात स्वातंत्र्य नाही. बसमध्ये आम्ही चाळीस जण होतो. उपाशीही कोणी असतील. भाचीला स्वतःला तर तो वास बस सुटताच येईनासा झाला होता, कारण नाक त्याच वासाला फार वेळ दाद देत नाही. लावणारी विसरली आणि भोवतालचे चाळीस जण अर्धे जेवत बसले. या अत्तरात आक्षेपार्ह काही असेल तर ते एवढेच. आणि खरे सांगावयाचे तर तेही आम्ही भाचीला बोलून दाखविले नाही, कारण तोपर्यंत दुसरेच काही घडले होते.

निपाणीला आमच्या वडिलांचे जुने घर आहे. तेथे पोहोचल्यावर भाचीने पिशवीतून आणखी एक छोटी कुपी काढली. मैत्रिणीने तिला मोठ्या बाटलीतून थोडेसे काढून दिले होते. मोठी बाटली तिला परवडणारी नव्हती. "मामा, हे तर तुमच्या गावचं आहे, बघा." 'टोबॅको व्हॅनिल' हे त्याचे नाव; टॉम फोर्ड या अमेरिकन वेशभूषाकाराच्या नावाने २००७ साली निघालेले. तंबाखूचे पान, व्हॅनिला, कोको, सुकामेवा. निपाणीचे पान त्यात जाते असे कृपया कोणी समजू नये; आमची तंबाखू विडीची. परंतु वास ओळखीचा होता. उन्हात वाळून पिकलेल्या तंबाखूच्या पानाला मधासारखा, सुक्या गवतासारखा, किंचित मनुकांसारखा वास येतो हे सिगारेटचा धूर तेवढा माहीत असणाऱ्यास ठाऊक नसते. आम्हांस ठाऊक आहे. भाचीने मनगट पुढे केले आणि आम्हांस आमची आत्या समोर उभी राहिल्यासारखी वाटली.

आत्या आमच्या घरी राहत असे. विधवा झाल्यावर ती भावाकडे आली आणि दुसऱ्याच आठवड्यापासून तंबाखूच्या एका वखारीत कामाला जाऊ लागली. निपाणीत तेव्हा बायकांना दुसरे काम तरी कोणते होते? कुटणे, चाळणे, निवडणे. वखारीची दारे लावलेली असत, कारण वाऱ्याने माल उडतो. आत खकाणा इतका की समोरची बाई धूसर दिसे, असे ती सांगे. डोक्याला, तोंडाला फडके बांधून ती जाई आणि संध्याकाळी येई तेव्हा अंगणापासूनच आम्हांस कळे. तो वास लुगड्यात, केसांत, नखांत, अंथरुणात मुरलेला असे. न्हाऊनही जात नसे. तिला स्वतःला तो येत नव्हता. अत्तर लावणाऱ्याला अत्तर येत नाही, तसेच ते. फक्त ठसका येई, तो रात्रभर.

आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी ती आमच्यासाठी गोळ्या आणी. लिमलेटच्या, कधी व्हॅनिलाच्या पांढऱ्या. कनवटीला लावून आणलेल्या त्या गोळ्यांना तंबाखूचा वास लागलेला असे. आम्ही भावंडे त्या हातात घेत असू, "थँक यू आत्या" म्हणत असू, कारण शाळेत तसे शिकविले होते, आणि न्हाणीत जाऊन तांब्याने पाणी ओतून त्या धुऊन मग खात असू. अर्ध्याअधिक विरघळून जात. न्हाणीचे दार नव्हते, गोणपाटाचा पडदा होता. ती चुलीपाशी बसलेली असे. तिने कधी काही म्हटले नाही; पुढे पुढे ती गोळ्या कागदात, मग कागदावर केळीच्या पानाच्या तुकड्यात बांधून आणू लागली. तरी वास जात नसे. शाळेत आमच्या दप्तराला वास येतो म्हणून मास्तरांनी एकदा आम्हांस मागे बसविले होते, आणि त्या दिवशी आम्ही घरी येऊन आत्याशी बोललो नाही.

वास घेणे म्हणजे अर्धे सेवन, ही समजूत वखारीतल्या बायांच्या बाबतीत तर शब्दशः खरी आहे. तंबाखूतले निकोटिन धुळीतून श्वासावाटे शरीरात जाते. तंबाखूची ओली पाने हाताळणाऱ्या शेतमजुरांना ते त्वचेतून शिरून घेरी येते, उलट्या होतात. वैद्यकात या आजाराची नोंद आहे. आत्याने आयुष्यात विडी ओढली नाही, मिसरी लावली नाही. तरी ती तंबाखू भोगीतच होती, आणि त्या भोगाचे तिला कोणी पैसे मागितले नाहीत, हाच काय तो हलवायापेक्षा चांगुलपणा.

किमतीचा प्रश्न या गावात पुढे उघडपणे उभा राहिला. १९८० च्या सुमारास वखारीतल्या बायांनी संघटना बांधली. त्यांच्या लढ्यावर 'युगांतर' या गटाने १९८२ साली केलेला 'टोबॅको एम्बर्स' हा माहितीपट आजही पाहावयास मिळतो, आणि त्यात त्या बाया स्वतःच्या तोंडाने आपले हाल सांगतात. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडले, आणि ६ एप्रिलला झालेल्या पोलिस गोळीबारात शेतकरी मरण पावले. पानाचा भाव मागितला गेला, हातांची मजुरी मागितली गेली. आत्या तेव्हा थकून घरी बसली होती. मोर्चा घरावरून गेला तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बरं झालं, बोलाय लागल्या."

आणि आता हा वास सुटा होऊन, ठसका वगळून, खकाणा वगळून, लुगडे वगळून, व्हॅनिलासह काचेच्या बाटलीत येतो. व्हॅनिलाचीही कथा काही वेगळी नाही. मेक्सिकोबाहेर त्या वेलीला शेंगा धरत नसत. १८४१ साली रेयूनियों बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने तिचे फूल हाताने फळविण्याची सोपी युक्ती शोधली. तीवर बेटाचे मळे उभे राहिले, आणि तो स्वतः १८८० मध्ये दारिद्र्यात मेला. एका बाटलीत दोन वास, आणि दोन्हींच्या मागे कोणाचा तरी न मिळालेला घास.

तर मग या अत्तराचा आनंद घेणे पाप आहे काय? त्या संध्याकाळी आम्ही स्वतःस हे विचारले आणि उत्तर प्रामाणिकपणे 'नाही' असेच आले. आनंद खरा होता. किंबहुना तो वास सुंदर आहे, हे आम्हांस वयाच्या सत्तराव्या वर्षी प्रथम कळले, आणि ते कळण्यास तो आत्यापासून सुटा व्हावा लागला, यात जे आहे ते आहे. आत्याच्या अंगाला तोच मधाचा, गवताचा, गोळीच्या व्हॅनिलाचा वास येत होता. आम्ही त्याला घाण म्हणत होतो. बाटलीने आम्हांला फसविले नाही. बाटलीने आमची चूक दाखविली. सुगंध आणि दुर्गंध अशी वासाची दोन टोके शास्त्रकारांनी मानली. महाभारताच्या शांतिपर्वात गंधाचे नऊ प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत 'मधुर' हाही आहे. परंतु कोणता वास कोणत्या टोकाला बसवावयाचा हे नाक एकटे ठरवीत नाही. तो कोणाच्या अंगाला येतो हे आधी पाहिले जाते. मोठ्या दुकानात सुरभी, वखारीच्या दारात असुरभी. शास्त्रकारांनी हा तिसरा विचार केला नाही, अथवा केला तरी लिहिला नाही.

मात्र पाप नाही म्हटले तरी देणे राहतेच. गोष्टीतल्या गरिबाने वासाची किंमत नाण्याच्या आवाजाने चुकविली. आत्याच्या वासाची किंमत आम्ही न्हाणीत तांब्याच्या आवाजाने चुकविली, आणि तो तिने रोज ऐकला. गल्लीच्या न्यायाने पाहिले तर तिने वासाबरोबर घासही आणला होता. तिच्याकडून काहीच अपुरे राहिले नव्हते.

भाचीने आत्याला पाहिलेले नाही. ती जन्मली त्याच्या आदल्याच वर्षी आत्या गेली. आम्ही तिला गोळ्यांची हकीकत सांगितली. ती बराच वेळ कुपी हातात धरून बसली. मग तिने विचारले, "आत्याआजीचं काही आहे का घरात अजून?" माळ्यावरच्या ट्रंकेत एक लुगडे असावे असे आम्हांस आठवले. शिडी लावून ती वर चढली, ट्रंक उघडली. लुगडे होते. तिने ते नाकाशी नेले आणि वरूनच म्हणाली, "मामा, नुसता डांबरगोळ्यांचा वास येतोय."